टेकडीवरची कौलं

प्लेगनं धुळ्यात धुमाकूळ घातला, तेव्हा पांझरेकाठच्या आळीतली माणसं टेकडीवर झोपड्यांत नेऊन टाकली. मागं त्यांच्या घरांची कौलं उतरवली. आत ऊन पडावं, रोग मरावा म्हणून. रोग मेला, पण त्याआधी सुंदरबाईचा नवराही गेला. मग हुकूम आला, टेकडी रिकामी करा, आपापल्या घरी जा. कसलं डोंबलाचं घर? चार भिंती अन् वर आभाळ! आतली गोम नंतर कळली. टेकडीची हवा साहेबलोकांना मानवली होती आणि तिथं त्यांचे बंगले व्हायचे होते. म्हणजे मरायला हे, अन् हवा खायला ते!

सुंदरबाई काही रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं टेकडीवरच मातीच्या भिंती घातल्या. खाली रचून ठेवलेली आपलीच कौलं डोक्यावरून खेपा करून आणली आणि एका सकाळी स्वतः आढ्यावर चढून बसवायला लागली. दीर गिरधर खालून विनवत होता, वहिनी, सरकारशी वैर नको. तिनं त्याच्याकडे पुढचं कौल मागितलं.

दुपारी सरकारी ओव्हरसियर हाताखालच्या झिपरूला घेऊन आला. कौलं उतरवण्यात झिपरूचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. तिचं खालचं घरही त्यानंच उघडं केलं होतं. बाईला खाली घे आणि कौलंही काढ, असं ओव्हरसियरनं त्याला फर्मावलं.

सुंदरबाईनं आढ्यावरच बैठक मारली.

"तठे रोग व्हता म्हनीसन तुम्हीन मन्हं छप्पर उतारं," ती म्हणाली. "आते आठे कोनता रोग शे, ते सांगा, मंगन कवलाले हात लावा."

ओव्हरसियरनं झिपरूवर डोळे वटारले. झिपरू शिडी चढू लागला. शेजारच्या झोपड्यांतल्या बाया बघायला बाहेर आल्या, गिरधरनं मात्र तोंड फिरवलं.

झिपरूनं वर पोचल्यावर कौलांची ओळ न्याहाळली. ओळ वाकडी गेलीय, पहिल्याच पावसात गळेल, असं तो सुंदरबाईला म्हणाला. त्यानं तीन कौलं काढली आणि सरळ करून पुन्हा बसवली.

तुझी नोकरी जाईल, असं ओव्हरसियर खालून ओरडला. झिपरूनं मान वळवली.

"उतारतांना मी हिले इचारं नही, साहेब. आते चढावतांना तुम्हले इचारस नही."

गिरधर शिडीखाली येऊन कौलं वर द्यायला लागला. शेजारच्या बायांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या आणि आपापली कौलं आणायला त्या टेकडी उतरू लागल्या.