चतुर्थीची भरती आणि वरची वाट

मित्रांनो, पाय झाडून नीट मांडी घालून बसा. मी एक जुनी पाखाडी आहे, आणि रेलून बसलेल्यांशी बोलण्याची माझी रीत नाही. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. हेदवीच्या अलीकडे एक डोंगर समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या एका अंगाला बोरवाडी, दुसऱ्या अंगाला हेदवीकडे जाणारी वाळूची पुळण. मी त्या डोंगरावरून जाते.

माझ्या खाली, कातळाच्या कडेने, आणखी एक वाट आहे. ओहोटीला उघडी पडते, भरतीला बुडते. सपाट, जवळची आणि लाडावलेली. मी तिला धाकटी म्हणते. माझ्यावरून जाताना धाप लागते खरी, पण समुद्राच्या पाण्याने मी कोणाचा घोटाही भिजू दिलेला नाही.

मला बोरवाडीच्या माणसांनी बांधले. पावसाळ्यात धाकटी बंद पडे, आणि आजारी माणसाला पलीकडच्या वैद्याकडे नेताना डोंगराच्या चिखलात डोली घसरे. मग खाणीतून चिरे आले. गवंड्यांनी उतार पाहून एकेक चिरा बसवला, बायकांनी फटींत माती ठासली आणि काम संपल्यावर माझ्या पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहिले. त्यानंतर माझ्यावरून मासळीच्या टोपल्या गेल्या, बोटीवर निघालेले खलाशी गेले, शाळेची पोरे गेली, नव्या नवऱ्या आल्या. मथुराही अशीच नवरी होऊन आली. आता तिला सारी वाडी मथुराबाई म्हणते. पण मी तिला मथुराच म्हणणार. माझ्यापुढे ती कालची पोर.

पुढे डांबरी रस्ता झाला. रत्नागिरीची एसटी वाडीच्या तोंडाशी थांबू लागली आणि लोक मला विसरले. करवंदीच्या जाळ्या पायऱ्यांवर चढल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातली सईदा तेवढी शेळ्या घेऊन रोज यायची. त्या शेळ्यांनी मधला भाग खाऊन मोकळा ठेवला नसता, तर आज मी तुमच्याशी बोलायला उरले नसते.

यंदाच्या माघी चतुर्थीची गोष्ट सांगते. मथुरेचा मुलगा विनीत मालवाहू जहाजावर असतो. वादळात त्याच्या जहाजाचा संपर्क तुटला, तेव्हा तिने हेदवीच्या दशभुज गणपतीला नवस केला होता, की पोर सुखरूप असल्याचे कळले तर सुनेला घेऊन पायी दर्शनाला येईन. पोर सुखरूप होता. म्हणून सासू-सून पहाटेच निघाल्या. ओहोटी होती, मथुरेचे गुडघे कुरकुरत होते. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही आणि सुनेला धाकटीवरून नेले. सून अक्षया साताऱ्याकडची. तिच्या लेखी वाट तेवढीच.

देवळात काय घडले ते मला पुढे त्या दोघींच्याच तोंडून कळले. प्रसादाच्या पंगतीत मथुरा चार बायकांदेखत म्हणाली, "आमच्या सूनबाईला भरती-ओहोटीतलं काय कळतंय? नळाला पाणी कधी येतं तेवढं पाठ आहे!"

बायका हसल्या. अक्षया उठली. "मग जाते मी त्या नळाखालीच. तुम्ही या सावकाश."

मथुरेने मानाने दुसरा मोदक पानात घेतला. तो तोंडाशी नेताना तिचा हात थांबला. आज चतुर्थी. चतुर्थीला दुपारी पाणी चढते. धाकटी बुडते. आणि वर दुसरी वाट आहे, हे आपण त्या पोरीला सांगितलेच नाही.

मोदक पानातच राहिला. फोन लावला, तर पुळणीवर रेंज कुठली?

ती माझ्या पायथ्याशी आली तेव्हा तिच्या कपाळाचे कुंकू घामाने ओघळले होते. जिथे धाकटी फुटते, तिथल्या ओल्या वाळूत अक्षयाच्या चपलांचे ठसे आत गेले होते. बाहेर आलेला एकही नव्हता. त्यांच्यापुढे कातळावर लाटा फुटत होत्या.

"अक्षये! अक्षये गो!" समुद्राने हाक गिळून टाकली.

मग मथुरा माझ्यावर चढू लागली. वरून तरी दिसेल, एवढीच तिची आशा. करवंदीने पदर धरला, तिने तो फाडून सोडवला. गुडघ्यावर हात टेकत, गणपतीला एका पायरीवर हात जोडत आणि पुढच्या पायरीवर त्याच्याशी भांडत ती चढली. "मुलगा दिलास आणि सून नेतोस? हा कुठला न्याय?" मित्रांनो, अशा वेळी दगडाला हात फुटत नाहीत याचे मला फार वाईट वाटते. मी एवढेच केले, की तिच्या पायाखालचा एकही चिरा हलू दिला नाही.

माथ्यावरून तिने खाली पाहिले. नुसता फेस. तिने पुन्हा हाका मारल्या आणि घसा बसेपर्यंत मारल्या.

तेवढ्यात बोरवाडीच्या बाजूच्या वळणावर जाळी हलली. आधी एक शेळी आली. मागून, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात एकच चप्पल घेतलेली अक्षया धापा टाकत आली. तिच्यामागे सईदा.

"आई! तुम्ही खालून नाही ना आलात? मी तुम्हालाच शोधायला मागे निघाले होते!"

मथुरेने तिचे दोन्ही दंड धरले. डोळे भरून आले, आणि तोंडातून मात्र निघाले, "हाकेला ओ द्यायला काय झालं होतं?"

"देत होते की! तुम्ही ओरडायचं थांबलात तर ऐकू येणार ना?"

"दोघींनी मिळून असा कालवा केलात," सईदा म्हणाली, "माझी शेळी आज दूध चोरणार बघा. अहो मथुरावहिनी, ही पाण्यात शिरलेली मी वरून बघितली. हाका मारून शेळ्यांच्या वाटेने वर घेतली. पण ही बाय बसेल तर ना! 'माझ्या सासूबाई मागून येतायत, त्या बुडतील' म्हणून सुटलीच."

मथुरेने सईदाचा हात आपल्या कपाळाला लावला. मग तिघी माझ्या पायरीवर बसल्या. कधी रडल्या, कधी एकमेकींकडे पाहून हसू लागल्या, ते त्यांचे त्यांनाही कळले नाही. मला विचाराल तर इतके हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मथुरेने वाडीतल्या सगळ्या बाप्यांना कोयते घेऊन माझ्यापाशी उभे केले. "जाळी मुळापासून काढा. हसताय काय!" माझा ताठा मथुरेने बरोबर उचलला आहे.

मित्रांनो, वाट नुसती नकाशात ठेवून जपली जात नाही. तिच्यावर पाय पडावे लागतात, तिची जाळी वेळेवर काढावी लागते. तेवढे तुम्ही कराच. आणि घरात नवे माणूस आले, की आधी त्याला दोन्ही वाटा दाखवा. टोमणे मग सवडीने मारा.