वहिनींची तीन मिनिटं

गल्ली त्याला माईक म्हणायची. बसमध्ये तिकिटं फाडत त्याने आवाज कमावला होता आणि ड्युटी संपली तरी तो आवाज खाली बसत नसे. म्हणून त्याने नगरपरिषदेची सभा धरली. महिन्यातून एकदा संध्याकाळी सभा भरे. विषय मताला टाकण्याआधी नागरिकाला तीन मिनिटं बोलता येई. एका विषयाला एकच नागरिक, नाव आधी द्यायचं. गटार असो, भटकी कुत्री असोत, माईकचं नाव ठरलेलं. सभेहून आला की समोर राहणाऱ्या वहिनींना सांगायचा, "मी उभा राहिलो की टाचणी पडली तरी ऐकू येते."

ते खोटं नव्हतं. तो उभा राहिला की सदस्य चहाला बाहेर जात, मग टाचणी ऐकू येईल नाही तर काय. खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, अशी तो स्वतःची समजूत घाली. एकट्या माणसाला वहिनींचं कौतुक पुरत होतं.

या खेपेला विषय घरातलाच निघाला. पुतण्या तिशीचा, समज मात्र चार वर्षांच्या पोराची. भाऊ गेल्यावर वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जाऊ लागल्या, तेव्हा त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावत. दार बडवून त्याच्या मुठी सोलून निघायच्या. पुढे परिषदेने अशा मुलांसाठी दिवसभराचं केंद्र काढलं. तिथे तो कागदी पिशव्या चिकटवू लागला आणि वहिनींनी ती कडी स्वतःच्या हाताने उखडली. आता केंद्र मोडून तिथे गाड्या उभ्या करायचं घाटत होतं.

वहिनी स्वतः बोलायला जाणार होत्या.

"तुम्हाला तिथे रडू फुटेल," माईक म्हणाला. "रडणाऱ्याचं कोण ऐकतं? माझं नाव घालू."

"भावजी, त्याच्या मुठी मी पाहिल्यात."

"म्हणूनच. तिथे मुद्देसूद बोलावं लागतं."

वहिनींनी ऐकलं. त्याला बोलता येतं, यावर त्यांचा विश्वास होता.

सभेत नाव पुकारलं गेलं. माईकने घसा खाकरला आणि खुर्च्या सरकल्या. "चला, चहा होईल तेवढ्यात," म्हणत सदस्य उठले. समोर उरल्या अध्यक्षबाई आणि त्यांची घंटा. मागच्या बाकावर वहिनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई," तो म्हणाला, "माझ्याऐवजी वहिनींना बोलू द्या. आई आहेत त्या त्याच्या."

"एका विषयाला एकच नागरिक. नाव तुमचं आहे. बोला, वेळ चाललाय."

तो बोलला. पाठ करून आणलेले सगळे मुद्दे त्याने खुर्च्यांना ऐकवले. घंटा झाली, सदस्य तोंड पुसत आत आले, हात वर झाले. केंद्र गेलं.

दोघं परत निघाले.

"दर वेळी जातात?" वहिनींनी विचारलं.

"दर वेळी."

"ठाऊक होतं तुम्हाला. मग मला का उठू दिलं नाहीत?"

आपल्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं त्याला सोसलं नसतं. उत्तर एवढंच होतं.

केंद्राला कुलूप लागलं, त्या सकाळी वहिनींनी त्याला कडी बसवायला बोलावलं. पुतण्या खुशीत होता. ओंजळीत स्क्रू धरून शेजारी बसला, मागितला की एकेक देत होता. "काका, घे." कडी बसली. वहिनींनी ती लावून पाहिली, काढून पाहिली.

"आत जा रे, राजा."

तो शहाण्यासारखा आत गेला. वहिनींनी कडी लावली आणि मागे न बघता कामावर निघाल्या. त्या कोपऱ्यावर वळल्या आणि आतून दार वाजू लागलं.

माईकचीही ड्युटीची वेळ झाली होती. तो दाराला तोंड लावून म्हणायला गेला, "संध्याकाळी येतो रे." पण आवाजच फुटला नाही. आत काही ऐकू गेलं नाही, दार वाजतच राहिलं.