काठाकाठानं जाणारं जहाज

"अवो, काठ कुठं गेला?" म्हाळसाबाईंनी पुन्हा विचारलं.

आण्णांनी पुन्हा कपाळाला हात लावून पूर्वेला बघितलं. सूर्य समोर कासराभर वर आला होता, म्हणजे जमीन त्याच अंगाला असायला हवी. उभी तरणी हयात मेंढरांमागं रानोमाळ काढलेला माणूस, त्याची दिशा कशी चुकेल? दिशा बरोबरच होती. जमीन तेवढी नव्हती. नजर पोचेल तिथवर नुसतं पाणी, आणि त्याला ना झाड ना डोंगर.

"उन्हं वर येऊ दे," आण्णा म्हणाले. "धुकं आसंल."

आता धुकं कुठलं आलंय! आभाळ कसं लख्ख होतं. म्हाळसाबाईंनाही ते दिसत होतंच, पण नवऱ्याच्या बोलण्याला त्यांनी मान दिला आणि पदर खोचून कठड्याशी उभ्या राहिल्या.

जहाजाच्या सहलीचं हे खूळ त्यांच्या लेकीचं. धनश्री रांजणगावच्या एका कारखान्यात ऑफिसात होती, राहायला शिरूरला. बढती मिळाली तसं तिनं मनावर घेतलं, आईबापाला एकदा तरी सुखानं फिरवायचं. वडगाव रासाईला घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा म्हाळसाबाईंनी उडवूनच लावलं. म्हशीला कोण बघंल, उसाला पाणी कोण देईल, सतरा कारणं. मग चुलीपुढून उठता उठता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "धने, ते जहाज कोकणाच्या अंगानं जातंय का गं?"

"मुंबईवरून खाली लक्षद्वीपला जातंय. म्हंजी कोकणावरूनच की."

"मग येते मी."

धनश्री हरखली. आई एवढ्या लवकर ऐकते, याचंच तिला नवल वाटलं. का ऐकलं ते आण्णांना कळलं, पण लेकीपुढं ते बोलले नाहीत. ती गेल्यावर म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या, "तितनं दिसंल का वो?"

"दिसंल की. जहाज काठाकाठानंच जाणार. धड वाट सोडून मधी कशाला घुसंल?" आण्णा छातीठोकपणे म्हणाले. मेंढरं रस्त्याच्या कडेनं हाकायची, ओढ्याच्या काठानं उतरवायची, हेच त्यांना ठाऊक. जन्मात जहाज पाहिलेलं नव्हतं, तरी शब्द देऊन बसले.

गोष्ट धनश्रीच्या जन्माआधीची. तेव्हा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि त्यांच्यातच घोंगडीत गुंडाळलेला या दोघांचा पोरगा, मल्हार. नुकताच चालायला लागलेला, कोकरांच्या मागं पळायचा आणि पडायचा. एका खाडीच्या तोंडाशी तळ पडला असताना त्याला ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हाला पोर गेलं. वाळूच्या वर, दोन ताडांच्या मधे त्याला पुरलं. खुणेला चुलीचे दगड ठेवले.

म्हाळसाबाईंनी हंबरडा फोडला तेव्हा तळाचा म्होरक्या तात्याबा धावत आला. "आण्णा, तिला गप कर. मेंढरं बुजतील." त्याचंही खोटं नव्हतं. नवखी जागा, गाभण मेंढ्या, समोर खाडीला भरती. कळप बुजला असता तर थेट पाण्यात घुसला असता. आण्णांनी उजवा हात बायकोच्या तोंडावर धरला. बराच वेळ धरला. हुंदका तळहातावर आपटायचा आणि आतल्या आत परत जायचा. पहाटे तळ हलला, कारण पुढच्या गावाला खतासाठी शेतात मेंढरं बसवायचा शब्द गेलेला होता. पोराजवळ बसून घटकाभर रडावं, एवढंही त्या माऊलीला मिळालं नाही.

पुढं गावाला पाणी आलं, ऊस लागला, मेंढरं विकली. एकदा दोघं, दौंडला लग्नाला जातो म्हणून लेकीला सांगून, एसटीनं कोकणात जाऊन आले. पण त्या मुलखात खाडीला काय तोटा? आणि प्रत्येक खाडीला ताडं. गावाचं नाव त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं. तळामागचा डोंगर पाण्याच्या कडेनं, समुद्राकडून बघितला की बसलेल्या मेंढीसारखा दिसायचा, एवढीच काय ती खूण. रस्त्यावरून सगळे डोंगर सारखेच दिसले.

म्हणून हे जहाज. समुद्राकडून जायचं, मेंढी ओळखायची. आणि म्हाळसाबाईंना दुसरं काही नको होतं. लांबून का होईना, पोराला एकदा नाव घेऊन हाळी द्यायची होती.

मुंबई सोडली त्या संध्याकाळी धनश्री त्यांना खालच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रमाला घेऊन गेली होती. जादूगार झाला, चकचकीत कपड्यातल्या पोरींचा नाच झाला. मग माइकवाला गडी आला आणि हिंदीत ओरडायला लागला, "आवाज नहीं आ रहा! और जोर से!" तशी अख्खी सभा बेंबीच्या देठापासून ओरडली. आण्णाही ओरडले. म्हाळसाबाई मात्र पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. खोलीकडं जाताना म्हणाल्या, "काय बाई माणसं. तिकीट काढून वरडत्यात."

तेव्हा त्या खुशीत होत्या. सकाळी काठ दिसणार होता.

आणि आता ही सकाळ. धनश्री कॉफीचा कप घेऊन आली. "आई, आज सी-डे हाय. कुठं थांबायचं न्हाई, काय बघायचं न्हाई. निवांत पडायचं नुसतं."

निवांतच होतं सगळं. पोहण्याच्या हौदाकडेला लोक खुर्च्या टाकून आडवे झाले होते. कुणी डोळ्यांवर टोपी घेतली होती, कुणी पुस्तक उघडं टाकून झोपलं होतं. जेवायला बोलावणं आलं, म्हाळसाबाई हलल्या नाहीत. दोन घास धनश्रीनं उभ्या उभ्या भरवले आणि ती जराशी चिडलीही. "आई, एवढा खर्च करून तू उन्हात उभी ऱ्हाणार व्हय? काय बघती तरी काय?"

"पाणी," म्हाळसाबाई म्हणाल्या.

आण्णांना राहवेना. फरशी पुसणाऱ्या कामगाराला त्यांनी बाजूला गाठलं. "भैय्या, जमीन कब दिखेगी?"

"आज नहीं, अंकल. किनारा बहुत दूर है. रात को ही कोंकण पीछे छूट गया."

आण्णा तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणजे आपण मऊ गादीवर झोपलो होतो, तेव्हा पोराच्या शेजारून गेलो. जागं असतो तरी अंधारात काय दिसलं असतं म्हणा. पण शब्द आपला होता. हे आता तिला सांगायचं कोणत्या तोंडानं?

ते उठले आणि बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. दोघं पाणी बघत राहिली.

दिवस बुडाला. वरचा डेक रिकामा झाला, माणसं नटूनथटून खालच्या हॉलकडं निघाली. "हाउजी हाय, मग गाणी. मी जागा धरते, या लवकर," असं सांगून धनश्रीही गेली. तेवढ्यात पूर्वेला, पार लांब, एक दिवा दिसला. आण्णांनी झटक्यात हात केला.

"त्यो बघ! काठ त्यो. तितंच आसंल खाडी."

म्हाळसाबाईंनी बघितलं. डोळ्याचं पातं न लवता खूप वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दिवा चाललाय वो त्यो. मासंवाल्याची होडी आसंल."

आण्णांचा हात खाली आला.

"काठ मागं ऱ्हायला," ते म्हणाले. "राती. झोपंत हुतो आपण. मला दुपारीच कळलं. म्हाळसे, मला काय ठावं, जहाज असं मधनं जातंय म्हणून."

म्हाळसाबाई रागावल्या नाहीत, आणि तेच आण्णांना सोसेना. खालून माइकवाल्याचा आवाज आला, "आवाज नहीं आ रहा!" आणि त्यावर शेकडो माणसांचा कल्लोळ उठला.

"हितनंच दे हाळी," आण्णा म्हणाले.

"हितनं?"

"दे. हितं मेंढरं न्हाईत बुजायला."

म्हाळसाबाईंनी कठडा धरला, तोंड उघडलं. 'म' एवढाच ओठांवर आला. पुढं आवाज फुटेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं नाव, ते असं मागितल्याबरोबर कसं यावं? त्यांनी मान हलवली.

मग आण्णा पुढं झाले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि दोन टेकाडांपलीकडच्या गड्याला देतात तशी लांबच लांब हाळी दिली. "मल्हाऽऽऽर!"

त्यांना बोलवायला आलेली धनश्री दाराशीच थबकली. "आण्णा? मल्हार कोण?"

म्हाळसाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या कान देऊन ऐकत होत्या. डोंगरात दिलेली हाळी समोरच्या कड्यावर आपटून माघारी येते, हे धनगराला सांगायला नको. आण्णाही ऐकत राहिले. इंजिनाची घरघर तेवढी चालू होती.

"माघारी न्हाई आली," म्हाळसाबाई म्हणाल्या.

आण्णांनी मान खाली घातली. "न्हाई आली."

"माघारी न्हाई आली म्हंजी पोचली."

एवढं बोलून त्या मटकन डेकवर बसल्या. "धने, बस हितं. तुला भाऊ हुता," असं म्हणेपर्यंत त्यांचा बांध फुटला आणि त्या मोकळ्या गळ्यानं रडू लागल्या. तो आवाज जिन्यावरून खाली गेला. हॉलकडं निघालेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. आण्णा बायकोशेजारी गुडघ्यावर बसले. त्यांचा उजवा हात आपसूक तिच्या तोंडाकडं उठला, मधेच थांबला आणि तिच्या पाठीवर टेकला.

"रड," ते म्हणाले. "रड आता."