रकाना क्रमांक नऊ

"यादी छापून झाली, ताई. सभागृहात सगळ्या टेबलांवर ठेवलीसुद्धा," नोंदणीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली आणि तिने एक प्रत माझ्यापुढे सरकवली. "वेबसाइटवरही आहे सकाळपासून."

मी चष्मा लावला. सव्विसाव्या क्रमांकावर आम्ही होतो. आमच्या संघटनेचं नाव, निवेदनाचा विषय, निवेदन वाचणार होत्या त्या आमच्या अध्यक्षबाईंचं नाव. आणि शेवटच्या, नवव्या रकान्यात 'निवेदन कोणाच्या अनुभवावर आधारित' या मथळ्याखाली मावशीचं पूर्ण नाव. पुढे गाव. पुढे, सरकारी रुग्णालयाची लाँड्री.

मी ते नाव तीनदा वाचलं, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर ते दुसऱ्याच कोणाचं निघणार होतं.

"हे छापायचं नव्हतं हो."

"अर्जात आहे ना पण. तुम्हीच भरलंय."

"अर्जावर लिहिलं होतं, फक्त कार्यालयीन वापरासाठी."

"ते पहिल्या पानाला. दुसऱ्या पानाखाली टीप आहे बघा, नववा रकाना प्रसिद्ध होईल अशी." ती वाईट मुलगी नव्हती. माझा चेहरा बघून तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. "वेबसाइटवरून काढायला सांगते मी. दुपारपर्यंत होईल. छापलेल्याचं मात्र काही करता येणार नाही."

बावीस वर्षं मी हे काम करते आहे. बायकांच्या हक्कांविषयी धोरण ठरवायला देशोदेशीची सरकारं एकत्र बसतात, तेव्हा आमच्यासारख्या छोट्या संस्थांनाही दोन मिनिटं बोलायला मिळावीत म्हणून जी धावपळ लागते ती माझी. पास, व्हिसा, भाषांतर, कोण कुठल्या खुर्चीवर. यंदा तर ही बैठक आपल्याच देशात होती. मी स्वतः कधी बोलत नाही, बोलणाऱ्यांची सोय करते. ऑफिसात मला रकानाबाई म्हणतात, कारण माझ्या हातून गेलेल्या अर्जात एकही रकाना रिकामा नसतो. मला त्याचा अभिमान होता, हे लपवून काय उपयोग?

मावशीचं नाव आम्ही कपाटात कुलपात ठेवलं होतं आणि सगळ्या कागदांवर फक्त 'क' लिहिलं होतं. पण अर्ज पाठवायच्या दिवशी मुदत संपायला सहा मिनिटं असताना संगणक तो 'क' घेईना. अपूर्ण, अपूर्ण म्हणत राहिला. अपूर्ण हा शब्द मला सहन होत नाही. मी कपाट उघडलं आणि खरं नाव भरलं. अर्ज लगेच गेला. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मावशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण रुग्णालयात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लाँड्रीचा मुकादम बायकांच्या अंगाला हात लावायचा. मावशीने अकरा जणींचे अंगठे आणि सह्या घेऊन तक्रार लिहिली. ती तक्रार अधीक्षकांकडे गेली, अधीक्षकांनी मुकादमालाच बोलावून त्याच्या हातात दिली, आणि पुढच्या महिन्यात, ज्यांच्या सह्या वाचता आल्या त्या सहा जणी घरी बसल्या. मावशी वाचली, कारण तिची सही सगळ्यात खाली होती आणि पावसाळी छत्रीचं पाणी पडून ती पुसली गेली होती. तिची लेक त्याच रुग्णालयात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रमाणपत्रावर सही अधीक्षकांचीच लागते.

आणि ते अधीक्षक आमच्या सरकारच्या शिष्टमंडळात तज्ज्ञ म्हणून आले होते. त्यांचं टेबल तिसऱ्या रांगेत होतं.

अध्यक्षबाई वरच्या मजल्यावर निवेदन पाठ करत होत्या. मी यादी दाखवली. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग आत्ता सांगू नकोस. साडेतीनला आपला नंबर आहे. ती घाबरली तर नको म्हणेल, आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल. आधी वाचू दे, मग बघू." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "एवढ्या नावांत कोण वाचतंय तेवढं एक नाव?"

मला हे पटवून घ्यायचं होतं. खरं सांगते, मला फार पटवून घ्यायचं होतं. मावशीचा नंबर मी फोनवर काढला आणि फोन तसाच पर्समध्ये टाकला.

जेवणाची सुट्टी झाली आणि सभागृह रिकामं झालं. मी आत गेले. दारावरचा पहारेकरी मला ओळखतो, त्याला वाटलं मी नेहमीप्रमाणे खुर्च्या मोजायला आले असणार. मी पहिल्या रांगेपासून टेबलांवरच्या याद्या उचलायला लागले. पिशवीत कोंबत होते. बावन्न वर्षांची बाई, गळ्यात पास लटकतोय, आणि कागद चोरतेय. दुसरी रांग संपवून तिसरीकडे वळले आणि थांबले.

अधीक्षक जागेवरच बसले होते. जेवायला गेलेच नव्हते.

"माझीही प्रत हवीय का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"नाही, म्हणजे, छपाईत चूक आहे थोडी. दुरुस्त प्रत देणार आहोत."

"असू द्या. मी सकाळीच वाचली." त्यांनी यादीची नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. "आमच्या लाँड्रीतली बाई इतक्या लांब पोचली. कौतुक आहे. तिची मुलगीही हुशार आहे हो."

एवढंच बोलले. मी पिशवी छातीशी धरून बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले. काही वेळाने मावशीचा नंबर लावला. तिचीही जेवणाची वेळ होती.

"बोला ताई. कसं चाललंय तिकडं?"

मी सगळं सांगितलं. सहा मिनिटं, अपूर्ण, कपाट, नववा रकाना, कोटाचा खिसा. काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, नाव कुलपात राहील," ती म्हणाली.

"हो."

"मी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं."

मला रडू आलं. मी तोंडावर पदर धरला. माझं रडणं ऐकवायची ही वेळ नव्हती. "मावशी, तुम्ही म्हणाल तर निवेदन मागे घेते आत्ताच्या आत्ता."

"मागं घेतलं तर नाव पुसलं जाईल?"

"नाही."

"त्यांच्या खिशातलं?"

"नाही."

"मला लई भीती वाटतेय ताई. भाकर तशीच बांधून ठेवली. पण मग वाचा. नुसतं नाव कशाला राहू द्यायचं तिथं? आमच्यासंगं काय झालं ते तरी त्याच्या बाजूला असू द्या."

मी वर जाऊन अध्यक्षबाईंना तिचे शब्द सांगितले आणि निवेदनाच्या वर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या: या बाईचं नाव तिच्या इच्छेविरुद्ध, आमच्या चुकीने छापलं गेलं आहे. आजपासून तिला किंवा तिच्या मुलीला त्रास झाला, तर या सभागृहाने त्याची दखल घ्यावी. अध्यक्षबाईंनी ओळी वाचल्या, माझ्याकडे पाहिलं. "याने वेळ जाईल," त्या म्हणाल्या. "शेवट राहून जाईल." तरी त्यांनी त्या खोडल्या नाहीत.

साडेतीनला आमचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षबाई वाचू लागल्या. पहिल्या दोन ओळींनाच भाषांतरकारांच्या काचेमागे एक मान वर झाली. बाकी सभागृह जेवणानंतर पेंगतं तसंच होतं. मुकादम, अकरा सह्या, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात गेलेला कागद. अधीक्षक सरळ समोर बघत होते. मग उठले, खिशातून फोन काढला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. दोन मिनिटं संपली, लाल दिवा लागला. तक्रार समितीत बाहेरची व्यक्ती हवी, ही आमची मुख्य मागणी, अर्ध्यावर तुटली. सभेच्या अध्यक्षांनी आभार मानले आणि सत्ताविसावा क्रमांक पुकारला.

मी धावतच बाहेर आले. मावशीचा मोबाइल बंद होता. पाच वेळा लावला. शेवटी वहीतून लाँड्रीचा नंबर काढला. बऱ्याच वेळाने कोणीतरी बाईने उचलला.

"मावशी आहेत का?"

"तिला वर बोलावलंय ऑफिसात. साहेबांचा फोन आला होता म्हणं बाहेरगावाहून. तुम्ही कोण?"

"तिच्यामागे कोणी गेलंय का?" मी विचारलं.

"आम्ही दोघी जाणार होतो. ती म्हणाली, नका येऊ, तुमचीही नावं कळतील." बाईने आवाज बारीक केला. "लेकीला निरोप धाडलाय तिनं, आज वॉर्डातून हलू नको म्हणून."

"ती खाली येईपर्यंत मी फोन धरून थांबते. चालेल?"

"येळ लागंल. फोन टेबलावर ठेवते, मला गाड्या रिकाम्या करायच्यात."

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. पलीकडे यंत्रं फिरत होती, कोणीतरी ओले कपडे आपटत होतं, एक गाडी खडखडत जवळ आली आणि लांब गेली. सभागृहाचं दार उघडून अध्यक्षबाई मला शोधत बाहेर आल्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि फोन कानाला घट्ट दाबून धरला.