परीक्षा विभागाची परीक्षा

परीक्षा विभागात कॉपी चालते, असं कुणी म्हटलं असतं तर ललिता परबने त्याला उभा सोलला असता. विद्यापीठात कॉपी करताना सापडलेल्या पोरांना नोटिसा धाडायचं टेबल तिचंच! पोरं आईबापांना घेऊन यायची, रडायची, पाया पडायची. ही बाई ढिम्म. "केलंस ना? मग निस्तर आता," एवढंच म्हणायची.

आणि त्याच विभागात त्या दिवशी काय चाललं होतं म्हणता? सगळ्यांनी आपापले मोबाईल माधवच्या टेबलावर नेऊन ठेवले होते! कागद बंद, आता सारं काम कॉम्प्युटरवर, असं वरून ठरलं होतं. त्याचं प्रशिक्षणही झालं. म्हणजे गारेगार हॉलमध्ये कुणी एक टायवाला दिवसभर इंग्रजीत बडबडला, आणि समोसे बरे होते. आता त्याची ऑनलाइन परीक्षा. नापास होईल त्याची बदली रे रोडच्या गोदामात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या धुळीत. कॉम्प्युटर येतो एकट्या माधवला, म्हणून सगळ्यांचे पेपर तोच देणार होता. कुणाला त्यात काही वावगं वाटेना.

"ललिताताई, मोबाईल आणा. ओटीपी येईल," माधव म्हणाला.

"माझा पेपर मी देणार."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" शेजारच्या टेबलावरचा रमाकांत ओरडला. "दमेकरी बाई तू! त्या धुळीत जगशील का?"

घाबरली ती, खोटं कशाला सांगा! पण मागच्याच आठवड्यात लालबागच्या एका मुलीला तिने नोटीस दिली होती. मुलगी रडली नाही. "मॅडम, तुम्ही कधीच कॉपी केली नसेल ना?" एवढं विचारून गेली. ते तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं.

गलका ऐकून उपकुलसचिव दातेसाहेब बाहेर आले. "परबबाई, कशाला ताणताय? मला शंभर टक्के निकाल कळवायचाय. देऊ द्या माधवला."

"देऊ देते. पण मग त्या पोरांच्या नोटिसाही मागे घ्या."

"तोंड सांभाळून बोला!"

"सांभाळूनच बोलतेय साहेब. तोंडात आलेलं केव्हाच गिळलं."

आणि ती बसली कॉम्प्युटरसमोर. प्रश्न इंग्रजीत. अर्धे कळले, अर्धे डोक्यावरून गेले. माऊस भलतीकडेच पळत होता. कपाळावर घाम. मागे सगळा विभाग उभा राहून बघत होता. शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर लालभडक अक्षरं आली. नापास.

"झाली हौस?" माधव पुटपुटला.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "अजून एक संधी असते बाई. माधव बसेल तुमच्या जागी. कुणाला कळणार नाही."

"माऊसला हात लावून बघ, माधव!" ललिता ताडकन उठली. श्वास लागला होता, पण आवाज खणखणीत होता. "नापास झाले ना? झाले! माझी मी झाले. धड शिकवलंत कधी, साहेब? मराठीत शिकवा, टेबलाशी बसून शिकवा, मग घ्या परीक्षा. नाहीतर पाठवा गोदामात, जाते मी. पण बदलीच्या आदेशात खरं कारण लिहा. लिहा, परबबाईंनी कॉपी करायला नकार दिला. आणि खाली तुमची सही करा."