जयवंताची ओवी

चौऱ्याण्णव साली शेळगावच्या मारुतीपुढं एकदा पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मेलेलं माणूस घागरीतून बोलतं म्हटल्यावर लोक हातातली कामं टाकून येणारच. आपल्याकडं असल्या गोष्टींना गर्दी कधी कमी पडली आहे? म्हाळसा सगळ्यांत पुढं बसली होती, धाकट्या मनिषाला मांडीशी धरून. थोरली जयवंता तापानं गेली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. तिचा आवाज एकदा कानी पडावा म्हणून ही बाई काय वाटेल ते द्यायला तयार होती.

महिपतीबुवानं फडकं झाकलेल्या घागरीत अंगाऱ्यासाठी हात घातला. "डोळं मिटा समद्यांनी. कैलासाची लाइन लई नाजूक असती."

घागर गाऊ लागली. दळताना म्हणायची ओवी, आणि तोच जरासा घोगरा आवाज. म्हाळसाच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"लेक काय म्हणती, आई?" बुवा मधेच म्हणाला. " मनिषाला शाळंतनं काढ, बुवाच्या मठात सेवेला दे. मंग मी दर अमुशाला येती."

"न्या," म्हाळसा म्हणाली. "आत्ताच न्या."

मनिषाच्या शाळेतल्या अनसूयाबाई रोज बारामतीहून एसटीनं यायच्या. त्यांनी डोळे मिटलेच नव्हते. बुवा पापाची भीती घालेपर्यंत त्यांनी घागर उपडी केली. आतून टेपरेकॉर्डर पडला, तो गातच होता. ओवी संपली आणि पुरुषाचा स्वच्छ आवाज आला, "आताच आपण शेळगावच्या जयवंता यांची ओवी ऐकलीत. यानंतर कांद्याचे बाजारभाव."

कैलासातही कांदा विकतात, हे गावाला तेव्हा कळलं.

आदल्या साली पुण्याहून रेडिओची माणसं येऊन बायांच्या ओव्या भरून घेऊन गेली होती. त्या लागल्या तेव्हा जयवंता नव्हती. दुःखाच्या घराशेजारी गाणं नको म्हणून गावानं रेडिओच बंद ठेवले होते. अनसूयाबाईंनी ती ओवी बारामतीत ऐकली होती, पण म्हाळसापाशी विषय काढायचा त्यांना धीर झाला नव्हता. बुवानं मात्र ती टेप करून ठेवली होती. गावाच्या मायेवर त्या मेल्यानं दुकान मांडलं.

"मंग ती आलीच न्हवती?" म्हाळसानं विचारलं.

"नाही, म्हाळसाबाई. गेलेलं माणूस येत नाही. आवाज तिचाच आहे, जिवंतपणी गायलेला. तो ऐकायला पोर द्यावी लागत नाही."

म्हाळसा मोठ्यानं रडली. मग पदरानं तोंड पुसून बायांकडं वळली. "मेलेल्याचा निरोप घिऊन कुणी आलं, तर त्याला इचारा, कसा आणला. म्या इचारलं न्हाय. एक लेक देवानं नेली, दुसरी म्या माज्या हातानं दिऊन बसले असते."