सिद्रामप्पांच्या जागेतलं धन

सिद्रामप्पांनी बाभळीची फांदी काठीनं बाजूला सारली आणि पाहिलं. भर दुपारी त्यांचा इंजिनिअर त्यांच्याच जागेत गुडघ्यांवर बसून जमिनीत लोखंडी सळई तिरपी खुपसत होता. खुपसायची, थांबायचं, उपसायची, वीतभर पुढं सरकायचं. वैद्यसुद्धा नाडी इतक्या हळू बघत नाही.

म्हणजे राखणदार मडिवाळप्पा खोटं बोलला नव्हता. त्याच्या सांगण्यात मोहरांचे दोन हंडे होते आणि वर पहाऱ्याला मिशीवाला नाग. नाग सिद्रामप्पांनी मनातल्या मनात वजा केला; हंडे ठेवले.

माणूस तसा हिरा. वेणीमाधव माढेकर, बांगलादेशाच्या लढाईतून परतलेला. त्याचा हात लागल्यापासून शुक्रवार पेठेतल्या कारखान्यात मागांचे सुटे भाग असे उतरत की दोन भागांच्या सांध्यात मुंगीनं डोकं घालायचं म्हटलं तर तिचं कपाळ फुटावं. म्हणून तर टेंभुर्णीच्या वाटेवरची ही जागा नव्या शेडसाठी त्याच्या हवाली केली. पण पावसाळा तोंडावर आला तरी पाया खणायचं नाव नाही. गवंड्यांना तो आत पाऊल टाकू देत नव्हता. विचारलं की म्हणायचा, जागा बघून होऊ द्या. काय बघतोय ते आता कळलं. आज याला घरी बसवायचाच, असं ठरवून सिद्रामप्पा आले होते.

रस्त्यापासून आत फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, मधे एका माणसापुरती वाट. टोकाला वेणीमाधव, आणि त्याच्यापुढं रुमालावर गंजकं झाकण.

हंड्याचंच. सिद्रामप्पांनी धोतर सावरलं आणि रेघा सोडून आडवी वाट धरली.

"काय गावलं हो साहेब?"

"थांबा. पाय उचलू नका."

आवाज चढा नव्हता, पण सिद्रामप्पा जागच्या जागी खिळले. बापानंही त्यांना कधी असं थांबवलं नव्हतं.

"माजी जागा हाय ही."

"तुमचीच आहे, मालक. पण रेघांच्या बाहेरचं मी अजून बघितलेलं नाही."

मग तो गुडघ्यांवर, सळईनं माती चाचपत, त्यांच्यापर्यंत आला. त्यानं त्यांचा घोटा धरला, पाय अलगद उचलला आणि मागच्या उमटलेल्या पावलात नेऊन ठेवला. मग दुसरा. असं करत त्यानं त्यांना रेघांच्या आत आणलं. सोलापूरच्या त्या उन्हात, जिथं दगडालाही घाम फुटावा, त्याची बोटं गार होती.

झाकण आता जवळून दिसलं. बूटपॉलिशच्या डबीचं.

"त्याच लढाईत, पश्चिमेच्या आघाडीवर, शकरगडला भूसुरुंगांतून वाट मीच आखली होती," वेणीमाधव झाकणाकडं बघत म्हणाला. "माझ्या मागचा शिपाई अर्धं पाऊल बाहेर गेला."

हितं कुटली लढाई, असं सिद्रामप्पांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी घोट्याकडं पाहिलं. बोटांचे मातकट ठसे तिथं तसेच होते.

"बघा निवांत," ते म्हणाले. "शेड कुटं पळून जात न्हाय."

धोतराचा सोगा आवरून, एक रेघ न पुसता, ते रस्त्यावर आले. मडिवाळप्पा धावतच पुढं आला. आवाज दाबून त्यानं विचारलं,

"गावलं का अण्णा?"

"न्हाय." सिद्रामप्पांनी एकदा मागं वळून पाहिलं. "आनि गावू बी नये."